मत्स्यसंवर्धनातील फाज-चिकित्सा : पुराव्याचे परीक्षण

१

फाज-चिकित्सेवरील शोधनिबंध उघडला की बहुधा पहिल्याच परिच्छेदात आग्र्याचा उल्लेख येतो. इ. स. १८९६ मध्ये आग्रा येथे काम करणारे अर्नेस्ट हँकिन ह्यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात असे नमूद केले की, गंगा व यमुना ह्या नद्यांच्या पाण्यात पटकीचे जंतू थोड्याच तासांत मरतात आणि पाणी उकळले असता त्याचा हा गुण नाहीसा होतो. निबंधकार हँकिन ह्यांना फाजांच्या पहिल्या साक्षीदाराचा मान देतात व पुढे जातात. वस्तुतः हँकिन ह्यांनी ह्या गुणाचे श्रेय पाण्यातील एखाद्या बाष्पनशील द्रव्याला दिले होते. ते फाजांना देणे हे पुढील पिढ्यांचे अनुमान आहे. हे अनुमान खरेही असू शकेल. परंतु ज्या निरीक्षणात फाज वेगळा काढलेला नाही, मोजलेला नाही, तेच फाजाचा पुरावा म्हणून वारंवार उद्धृत व्हावे, ही गोष्ट ह्या शाखेच्या एका स्वभावदोषाची सूचक आहे. पाण्यातील जंतू कमी झाले, हे एक विधान. फाजामुळे ते कमी झाले, हे दुसरे. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाण्याची घाई ही ह्या शाखेची जुनी सवय आहे, आणि तिचेच परीक्षण प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

विषयाची मर्यादा आधीच सांगितलेली बरी. बॅक्टेरिओफाज, ज्यांस आपण येथे संक्षेपाने फाज म्हणू, हे जीवाणूंवर वाढणारे विषाणू होत. फाज जीवाणूच्या पृष्ठभागावरील ठराविक जागी चिकटतो, आपले जनुकद्रव्य आत सोडतो, जीवाणूच्याच यंत्रणेकडून आपल्या शेकडो प्रती तयार करवून घेतो आणि अखेरीस त्याचे कवच फोडून बाहेर पडतो. जो जीवाणू त्याला चिकटू देत नाही, त्याला तो काही करू शकत नाही. मासा, कोळंबी अथवा मनुष्य ह्यांच्या पेशींना तो लागत नाही. ह्या निवडक मारकतेमुळेच पाळीव मासे व कोळंबी ह्यांच्या जीवाणुजन्य रोगांवर फाज वापरावेत, ही कल्पना आकर्षक ठरली. प्रतिजैविकांचा मार्ग दिवसेंदिवस अरुंद होत चालला आहे, हेही त्या आकर्षणाचे एक कारण आहे. किनारी जलकृषी प्राधिकरणाच्या २००५ च्या नियमांनी आपल्या देशातील कोळंबीसंवर्धनात २० प्रतिजैविके व औषधी द्रव्ये निषिद्ध ठरविली. निर्यातीच्या मालात त्यांचा अंश सापडला तर माल परत येतो. आणि निषिद्ध नसलेली प्रतिजैविकेही बेसुमार वापरली तर त्यांना न जुमानणारे जीवाणू उपजतात. अशा परिस्थितीत फाज हा पर्याय खरोखर उपयोगी आहे काय, ह्या प्रश्नाच्या उत्तरावर केवळ प्रबंध अवलंबून नाहीत. कर्ज काढून तळ्यात बीज सोडणाऱ्या शेतकऱ्याचे एक पीकही त्यावर अवलंबून आहे.

प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. फाज रोगजनक जीवाणूला मारतो की नाही, हा प्रश्न आता संशोधनाचा राहिलेला नाही. काचपात्रात तो मारतो, हे निर्विवाद आहे. खरे प्रश्न तीन आहेत : प्रयोगाचे एकक कोणते मानले, पाण्याच्या आकारमानाचा हिशेब केला काय, आणि फाजापासून निसटण्यासाठी जीवाणूला कोणती किंमत मोजावी लागली. ह्या तीन कसोट्यांवर उपलब्ध वाङ्मय लावून पाहिले असता त्यातील मोठा भाग आश्वासक, परंतु अपुरा ठरतो. थोडा भाग मात्र खरोखर मोलाचा आहे.

२

फ्रेडरिक ट्वॉर्ट ह्यांनी १९१५ मध्ये आणि फेलिक्स देरेल ह्यांनी १९१७ मध्ये फाजांचे अस्तित्व स्वतंत्रपणे नोंदविले. देरेल ह्यांनी त्यात उपचाराचे साधन पाहिले, आणि १९२७ मध्ये ते पटकीवर फाजांचा प्रयोग करण्यासाठी हिंदुस्थानात आले. त्यानंतर पाटण्यास आशेशोव्ह ह्यांनी व आसामात मॉरिसन ह्यांनी हे कार्य चालविले. आसामातील प्रयोगाची मांडणी आजही अभ्यासण्याजोगी आहे. नौगाँग भागात फाज वाटण्यात आले. तुलनेसाठी हबीगंज भाग तसाच ठेवण्यात आला. नौगाँगमध्ये पटकी ओसरलेली दिसली, हबीगंजमध्ये ती चालू राहिली. प्रथमदर्शनी पुरावा जोरकस वाटतो. तथापि दोन भागांची तुलना म्हणजे केवळ दोन निरीक्षणे होत. एका भागात हजारो माणसे राहतात म्हणून निरीक्षणे हजारो होत नाहीत. कारण पाणी, पूर, वस्तीची घनता आणि साथीची स्वतःची चढउतार ह्या गोष्टी त्या हजारोंना समान आहेत. फाजावाचूनही ह्या दोन भागांत फरक पडू शकला असता, आणि तो पडला नसता असे दाखविण्याचा मार्ग त्या मांडणीत नव्हता. १९३४ मध्ये ईटन व बेन-जोन्स ह्यांनी अमेरिकन वैद्यक परिषदेसाठी फाज-चिकित्सेवरील शंभराहून अधिक निबंधांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांना थोड्याच विकारांबाबत पुरावा समाधानकारक वाटला. प्रतिजैविके आली आणि पश्चिम युरोप व अमेरिकेत हा विषय मागे पडला. जॉर्जियातील त्बिलिसी येथे मात्र तो अखंड चालू राहिला.

पटकीची ही हकीकत येथे सांगण्याचे कारण एवढेच की, आसामात जी चूक झाली तीच चूक मत्स्यतळ्यांच्या प्रयोगांत नव्या वेषात पुन्हा येते, आणि ती ओळखण्यास जुने उदाहरण सोयीचे आहे.

३

मत्स्यरोगांवरील आधुनिक प्रयोगांचा पाया जपानात घातला गेला. हिरोशिमा विद्यापीठातील नाकाई व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९९ मध्ये 'बुरी' ह्या पाळीव सागरी माशाला होणाऱ्या लॅक्टोकॉकस गार्वियी ह्या जीवाणूच्या रोगावर फाज वापरले. माशाच्या उदरात जीवाणू टोचल्यावर फाजही टोचला असता मासे मोठ्या प्रमाणात वाचले. आणि फाज जितका लवकर दिला तितका तो अधिक गुणकारी ठरला. प्रयोग येथेच थांबला असता तर त्याचे महत्त्व मर्यादित राहिले असते. जेथे शत्रू आहे तेथेच सुईने औषध नेऊन सोडणे ही तळ्यातील परिस्थिती नव्हे, आणि लाखो माशांना सुई टोचीत बसणे कोणत्याही शेतकऱ्याला परवडणारे नाही. नाकाई ह्यांनी पुढील पायरी गाठली. त्यांनी फाज खाद्यात मिसळून दिले आणि संसर्गही आतड्याच्या मार्गाने घडविला. तोंडावाटे दिलेले फाज काही तासांत आतडे व प्लीहा येथे सापडले. परंतु ज्यावर वाढावयाचे तो जीवाणू शरीरात नसला, तर ते लवकरच दिसेनासे झाले. हे एक निरीक्षण ह्या चिकित्सेचे सामर्थ्य व तिची मर्यादा दोन्ही सांगून जाते. फाज हे शत्रूवरच पोसले जाणारे औषध आहे. शत्रू नसेल तेथे ते टिकत नाही. लसीप्रमाणे आधी देऊन ठेवण्याची ही वस्तू नाही.

त्याच गटाने 'आयू' ह्या गोड्या पाण्यातील माशाच्या रोगावर केलेले काम अधिक मोलाचे आहे. स्यूडोमोनास प्लेकोग्लॉसिसिडा ह्या जीवाणूमुळे आयूच्या उदरात रक्तमिश्रित पाणी साठते व मासे मरतात. पार्क, नाकाई आदींनी २००० मध्ये दोन प्रकारचे फाज वेगळे काढले व जीवाणुयुक्त खाद्याने संसर्ग घडवून फाजयुक्त खाद्य दिले. फाज न मिळालेल्या माशांत ६५ टक्के, तर फाज मिळालेल्यांत २२.५ टक्के मृत्यू झाले. २००३ मध्ये त्यांनी दोन्ही फाज वेगवेगळे व एकत्र देऊन पाहिले. फाजावाचून ९३.३ टक्के, एका फाजाने ५३.३, दुसऱ्याने ४०, आणि मिश्रणाने २६.७ टक्के असे मृत्यूचे प्रमाण आढळले. मिश्रण श्रेष्ठ हा निष्कर्ष युक्तिसंगत आहे, कारण दोन भिन्न फाजांपासून एकाच वेळी निसटणे जीवाणूला अवघड जाते. तथापि विद्यार्थ्यांनी ह्या आकड्यांकडे जरा निरखून पाहावे. चारही शेकडेवाऱ्या पंधराव्या हिश्श्यांत मांडता येतात : १४, ८, ६ आणि ४. गट १५ माशांचा धरला तर दुसरा फाज व मिश्रण ह्यांतील अंतर दोन माशांचे ठरते. दशांशचिन्हामुळे अचूकतेचा जो भास होतो तो अशा वेळी बाजूस ठेवणे इष्ट. फाज दिलेला आणि न दिलेला ह्यांतील अंतर भक्कम आहे. फाजाफाजांतील अंतर तितके भक्कम मानता येत नाही.

ह्याच निबंधात रोगग्रस्त तळ्यातील प्रयोगही आहे. फाजयुक्त खाद्य दिल्यावर दैनिक मृत्यूचे प्रमाण दोन आठवड्यांत सुमारे एक-तृतीयांशावर आले, व माशांच्या मूत्रपिंडातील आणि पाण्यातील जीवाणूही घटले. प्रयोगशाळेतून तळ्यात उतरण्याचे धैर्य दाखविले म्हणून ह्या कामाचा गौरव केलाच पाहिजे. परंतु उतरता आलेख हा स्वतःच्या कारणाचा दाखला देत नाही. साथ शिखरावर असताना उपचार सुरू होतात, आणि दुर्बळ मासे मरून गेल्यावर साथ आपोआपही ओसरते. औषध दिले म्हणून ओसरली की ओसरण्याच्या वेळी औषध दिले गेले, हे ठरविण्यास त्याच हंगामातील, त्याच बीजाची, उपचार न केलेली काही तळी लागतात. तीही एक नव्हे, अनेक. नौगाँगचा धडा तो हाच.

४

आपल्या देशातील ह्या विषयावरील सर्वाधिक उल्लेखिलेले काम मंगळूरच्या मत्स्यमहाविद्यालयातील आहे. विनोद, करुणासागर आदींनी २००६ मध्ये व्हिब्रिओ हार्वेयी ह्या प्रकाशमान जीवाणूवरील फाज वेगळा काढून टायगर कोळंबीच्या बीजोत्पादन केंद्रात त्याची परीक्षा केली. ह्या जीवाणूचा प्रादुर्भाव झालेली टाकी रात्री मंद निळसर प्रकाशाने उजळलेली दिसते, आणि बीजोत्पादकाला ती खूण धडकी भरविणारी असते. केंद्रातील प्रयोगात फाज दिलेल्या टाक्यांत ८६ टक्के, प्रतिजैविके दिलेल्यांत ४० टक्के, आणि काहीच न दिलेल्यांत १७ टक्के पिल्ले जगली. हा प्रयोग प्रत्यक्ष उत्पादनाच्या ठिकाणी, नेहमीच्या व्यवहारातील औषधाशी तुलना करून केला गेला, हे त्याचे मोठे गुण होत.

त्यावर दोन टिप्पण्या आवश्यक वाटतात. पहिली तुलनेविषयी. प्रतिजैविकाहून फाज सरस ठरला, ह्याचे दोन अर्थ संभवतात : फाज प्रबळ होता, अथवा प्रतिजैविक दुर्बळ होते. ज्या केंद्रांत वर्षानुवर्षे प्रतिजैविके वापरली गेली तेथील जीवाणू त्यांना सरावलेले असण्याचा संभव मोठा. तेथे प्रतिजैविकाला हरविणे म्हणजे आधीच खचलेल्या मल्लाला चीत करणे होय. म्हणून अशा प्रयोगांत स्थानिक जीवाणूंची प्रतिजैविकांविषयीची संवेदनशीलता सोबत नोंदविली नाही तर तुलनेचा अर्थ लागत नाही.

दुसरी टिप्पणी प्रयोगाच्या एककाविषयी असून ती ह्या एकाच कामापुरती नाही. संपूर्ण शाखेला ती लागू आहे. एका टाकीत दहा हजार पिल्ले असतील, तरी टाकी हे एकच निरीक्षण असते. सर्व पिल्ले एकच पाणी पितात, एकच उष्णता व एकच क्षारता सोसतात. टाकीत काही बिघडले तर ते सर्वांचेच बिघडते. पिल्लांची संख्या संख्याशास्त्रीय सूत्रात घालून काढलेली विश्वसनीयता म्हणूनच फसवी असते. तीन टाक्यांविरुद्ध तीन टाक्या, हा सहा निरीक्षणांचा प्रयोग आहे. साठ हजारांचा नव्हे. आपल्या विद्यापीठांतील पदव्युत्तर प्रबंधांत ही चूक सर्रास आढळते, आणि परीक्षकही ती नजरेआड करतात.

५

ह्यापेक्षाही अधिक दुर्लक्षित गोष्ट पाण्याच्या अंकगणिताची आहे. निबंधांत फाजाची मात्रा बहुधा फाज व जीवाणू ह्यांच्या संख्यागुणोत्तरात सांगितली जाते. जीवाणूगणिक एक फाज, दहा फाज, शंभर फाज. काचपात्रात, जेथे जीवाणू दाटीवाटीने असतात, तेथे हे गुणोत्तर अर्थपूर्ण असते. तळ्याच्या पाण्यात ते बहुधा निरर्थक ठरते, आणि ते का, हे साध्या गुणाकाराने पडताळता येते.

फाज व जीवाणू ह्यांची गाठ योगायोगाने पडते. ह्या गाठीचा वेग सामान्यतः असा असतो की, एक जीवाणू मिनिटाला सुमारे एक अब्जांश मिलिलिटर पाण्यातील फाज टिपतो. जातिपरत्वे हा आकडा दहापट कमी-अधिक होतो. आता मिलिलिटरमध्ये १० कोटी फाज असतील तर जीवाणूची फाजाशी गाठ सरासरी १० मिनिटांत पडेल. १० लक्ष असतील तर १,००० मिनिटे, म्हणजे सुमारे १७ तास लागतील. आता समजा की पाण्यात मिलिलिटरमागे केवळ १,००० जीवाणू आहेत आणि संशोधकाने जीवाणूगणिक एक फाज ह्या हिशेबाने १,००० फाज सोडले. तर एका जीवाणूची गाठ पडण्यास सरासरी १० लक्ष मिनिटे, म्हणजे ६९४ दिवस लागतील! तोवर कोळंबीची अनेक पिके निघून गेलेली असतील. गुणोत्तर एकास एक हेच राहिले. परिणाम मात्र शून्य झाला. मात्रा गुणोत्तरात न सांगता मिलिलिटरमागील फाजसंख्येत सांगितली पाहिजे, ह्याचे कारण हे आहे.

फाज स्वतः वाढतात, म्हणून थोडे सोडले तरी पुरे, असे उत्तर ह्यावर दिले जाते. त्याचाही हिशेब करता येतो. मिलिलिटरमागे १,००० जीवाणू असता एका फाजाची दिवसभरात जीवाणूशी गाठ पडण्याचा संभव हजारात दीड इतकाही नसतो. प्रत्येक गाठीतून शंभर नवे फाज निपजले असे धरले तरी दिवसाकाठी एका फाजामागे सुमारे ०.१४ नवे फाज, एवढीच उपज. सूर्यप्रकाशाने व गाळाला चिकटून रोज जे फाज निकामी होतात, त्यांची भरपाई एवढ्याने होणे कठीण. जीवाणू दाट झाले म्हणजे हे गणित उलटते; म्हणून माशाच्या शरीरात, खवल्यांवरच्या बुळबुळीत थरात अथवा टाकीच्या भिंतीवर साचलेल्या जीवाणूंच्या पापुद्र्यात फाज वाढू शकतो, मोकळ्या पाण्यात मात्र तो विरून जातो.

हाच हिशेब तळ्याच्या आकारमानाला लावू. एक हेक्टर क्षेत्राच्या व एक मीटर खोलीच्या तळ्यात १०,००० घनमीटर पाणी असते. त्यात मिलिलिटरमागे १० लक्ष फाज राखावयाचे तर मिलिलिटरमागे १,००० कोटी फाज असलेला दाट द्रव १,००० लिटर लागेल, आणि तोही वारंवार. दहा घनमीटरच्या टाकीला मात्र तोच द्रव एक लिटर पुरेल. मंगळूरचे काम बीजोत्पादन केंद्रात यशस्वी व्हावे, हा योगायोग नव्हे. नॉर्वेत साल्मनला उपद्रव देणाऱ्या यर्सिनिया रुकेरी ह्या जीवाणूविरुद्ध जे फाज-मिश्रण व्यापारात आले, तेही पाण्यातील जीवाणूंची संख्या कमी करण्याचे साधन म्हणून आले. मोजक्या पाण्याची टाकी हे पाण्यात सोडावयाच्या फाजाचे नैसर्गिक कार्यक्षेत्र आहे. उघड्या तळ्यात खाद्यावाटे माशाच्या आतड्यापर्यंत फाज पोहोचविणे हा दुसरा मार्ग. तळ्याच्या पाण्यात फाज ओतणे हा मार्ग अंकगणितालाच मान्य नाही.

कोकणच्या खाडीकाठच्या कोळंबी-तळ्यांचा विचार करताना ह्याला आणखी एक पदर आहे. येथील बीज बहुतांशी पूर्व किनाऱ्यावरील केंद्रांतून येते. तेथील टाकीतील जीवाणूंवर निवडलेला फाज येथील खाडीतील जीवाणूंना चिकटेलच असे नाही, कारण एकाच जातीच्या जीवाणूंतही पृष्ठभागाची रचना भिन्न असते. आयूच्या रोगजनक जीवाणूंत फाजांविषयीची संवेदनशीलता बरीच एकसारखी होती, हे जपानी संशोधकांचे भाग्य. व्हिब्रिओंच्या बाबतीत ते भाग्य गृहीत धरता येत नाही.

६

आता तिसरी आणि प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत निर्णायक कसोटी. फाजाचा मारा झाला की जीवाणूंतील काही निसटतात. निसटलेले पुन्हा वाढतात, आणि काचपात्रातील आलेख काही तासांनी पुन्हा वर चढतो. पुष्कळ निबंधांत आलेख चढण्यापूर्वीच थांबविलेला असतो! परंतु निसटणे म्हणजे पराभव असे समजणेही चुकीचे आहे. फाज जेथे चिकटतो ती जागा जीवाणूच्या उपयोगाची असते, आणि ती टाकून देताना जीवाणूला काही गमवावे लागते. काय गमवावे लागते, हा खरा प्रश्न.

आयूवरील २००० च्या कामात ह्याचे एक सुंदर उत्तर मिळते. फाजांना दाद न देणारे जे जीवाणू प्रयोगशाळेत निपजले ते आयूला मारेनासे झाले. फिनलंडमधील लांतो आदींनी २०१२ मध्ये फ्लाव्होबॅक्टेरियम कोलम्नारे ह्या जीवाणूत तेच दाखविले. फाजापासून सुटलेल्या जीवाणूंच्या वसाहतींचे मुळांसारखे पसरणारे रूप जाऊन त्या खडबडीत झाल्या, त्यांची सरपटण्याची शक्ती गेली, आणि माशांतील त्यांची मारकताही गेली. येथे फाजाने शत्रूला मारले नाही तरी निःशस्त्र केले. मासे पाळणाऱ्याला तेवढे पुरेसे आहे.

तथापि हा नियम सार्वत्रिक नाही. डेन्मार्कमधील टान, मिडेलबो आदींनी २०१५ मध्ये व्हिब्रिओ अँग्विलारम ह्या जीवाणूत एक वेगळीच युक्ती दाखविली. जीवाणू दाट झाले की ते परस्परांना रासायनिक संकेत देतात आणि फाज ज्या प्रथिनाला चिकटतो ते पृष्ठभागावर कमी करतात. जनुक गमावलेले नसते. दार तात्पुरते लोटून घेतलेले असते. दाटी ओसरली की दार पुन्हा उघडते. अशा निसटण्यात कायमची किंमत नाही, म्हणून मारकताही जात नाही. अर्थात प्रत्येक रोगजनकासाठी व प्रत्येक फाजासाठी हा प्रश्न नव्याने विचारावा लागतो. निसटलेले जीवाणू वेगळे काढून ते पुन्हा माशाला देऊन पाहणे, हा प्रयोग खर्चिक नाही. तरी तो फार थोड्यांनी केलेला आढळतो.

अपयशाची नोंद हे ह्या वाङ्मयातील दुर्मिळ रत्न आहे. एरोमोनास साल्मोनिसिडा ह्या जीवाणूच्या फोडांच्या रोगावर कॅनडात इंबो आदींनी २००६ मध्ये ब्रुक ट्राउट माशांत केलेल्या प्रयोगात रोगाचा आरंभ सात दिवसांनी लांबला आणि अंतिम मृत्यूचे प्रमाण १०० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. त्याच जीवाणूवर व्हर्नर-जेफ्रीज आदींनी अटलांटिक साल्मनमध्ये केलेला प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे फाज टोचलेले मासे अधिक सावकाश मेले, परंतु शेवटी परिणामात फरक पडला नाही. दुसरा निबंध पहिल्याइतका उद्धृत होत नाही. वास्तविक दोन्ही शेजारी ठेवूनच वाचावयास हवेत. एका ठिकाणी मासा वाचतो व दुसऱ्या ठिकाणी केवळ त्याचे मरण लांबते, ह्या भेदाचे कारण माशाच्या जातीत आहे, संसर्गाच्या मार्गात आहे, मात्रेत आहे की वेळेत, हे शोधण्यातच पुढील दहा प्रबंधांचे विषय दडलेले आहेत. अपयश प्रसिद्ध करणाऱ्यांनी शास्त्राची जी सेवा केली ती दहा यशस्वी आलेखांहून कमी नाही.

७

एका धोक्याची नोंद केल्यावाचून हे परीक्षण पुरे होणार नाही. सर्वच फाज जीवाणूला तत्काळ मारीत नाहीत. काही फाज जीवाणूच्या जनुकद्रव्यात आपले जनुक गुंफून पिढ्यानपिढ्या निद्रिस्त राहतात, आणि राहता राहता यजमानाला नवे गुण देऊन जातात. पटकीचे विष निर्माण करणारे जनुक जीवाणूला अशाच एका फाजाकडून मिळालेले आहे, हे वॉल्डॉर व मेकॅलनॉस ह्यांनी १९९६ मध्ये दाखविले. ज्या रोगावर देरेल फाज घेऊन आले, त्या रोगाचे विषच फाजाने दिलेले असावे, हा इतिहासातील विलक्षण योग म्हटला पाहिजे. कोळंबीच्या बाबतीतही हे घडते. ऑस्ट्रेलियातील ओकी व ओवेन्स ह्यांनी २००० मध्ये व्हिब्रिओ हार्वेयीतून असाच निद्रिस्त फाज वेगळा काढला, आणि २००३ मध्ये त्या गटाने तो निरुपद्रवी वाणांत घालून ते वाण मारक बनतात, हे सिद्ध केले. ज्या जीवाणूवर औषध म्हणून फाज सोडावयाचा, त्याच जीवाणूला मारक बनविणारे फाजही निसर्गात आहेत. म्हणून फाजाचे संपूर्ण जनुकद्रव्य वाचून त्यात निद्रिस्त राहण्याची, विष निर्माण करण्याची अथवा प्रतिजैविकांना न जुमानण्याची जनुके नाहीत, ह्याची खात्री केल्यावाचून तो पाण्यात सोडणे म्हणजे आगीवर न तपासलेल्या पिंपातले द्रव ओतणे होय. आज हे वाचन अवघड राहिलेले नाही. ते न करण्याला सबब उरलेली नाही.

सारांश, फाज-चिकित्सा ही अंधश्रद्धा नव्हे आणि रामबाणही नव्हे. तिचे उचित स्थान आज दिसते ते असे : मोजक्या पाण्याच्या टाक्या, खाद्यावाटे पोहोचता येणारे रोग, साथीचा आरंभकाळ, एकाहून अधिक फाजांचे मिश्रण, आणि असे रोगजनक की जे निसटताना आपली शस्त्रे टाकून जातात. ह्या पाच अटी जेथे जुळतात तेथे ती प्रतिजैविकाचा भार खरोखर हलका करू शकेल.

आपल्या विभागांकडून ह्यात काय अपेक्षित आहे? काचपात्रातील पारदर्शक ठिपक्यांचे छायाचित्र, इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाखालील फाजाची आकृती आणि सहा तासांचा उतरता आलेख, एवढ्यावर प्रबंध स्वीकारण्याची प्रथा आता थांबवावी. फाजाची संख्या मिलिलिटरमागे सांगितलेली असावी, टाकी हे एकक मानलेले असावे, आलेख निदान तीन दिवसांचा असावा, निसटलेले जीवाणू पुन्हा माशाला देऊन पाहिलेले असावेत, आणि प्रयोग फसला तर फसल्याची नोंद त्याच काळजीने केलेली असावी. ह्यांपैकी कोणतीही गोष्ट मोठे अनुदान मागत नाही. मागते ती चिकाटी आणि प्रांजळपणा. शेतकरी एका पिकावरून निकाल देतो, आणि तो एकदा विरुद्ध गेला की पुन्हा ऐकून घेत नाही. त्याच्या तळ्यापाशी जाण्यापूर्वी आपल्याजवळचा पुरावा आपणच अधिक कठोरपणे तपासलेला असावा, एवढीच ह्या परीक्षणाची मागणी आहे.